‘सर्वाधिक तर्कसंगत’ उत्तर ठरवायचे कोणी?

पाच-सहा ओळींचा एक उतारा, त्याखाली चार पर्याय आणि एकच प्रश्न : ‘वरील उताऱ्यावरून पुढीलपैकी कोणते अनुमान सर्वाधिक तर्कसंगत ठरेल?’ स्पर्धा परीक्षांच्या जगात गेल्या दीड दशकात या एका वाक्याने उमेदवारांची जेवढी झोप उडवली, तेवढी इतिहासातील सनावळ्यांनी किंवा राज्यघटनेतील कलमांनीही उडवली नसेल. सनावळी पाठ करता येते, कलम ग्रंथात सापडते. अनुमान मात्र पाठ करता येत नाही आणि ते उताऱ्यात शब्दशः लिहिलेलेही नसते. ते उताऱ्यात ‘नसते’, तरीही त्यातूनच ‘निघते’. या दोन क्रियापदांच्या मधल्या जागेत हजारो तरुणांचे एक-एक वर्ष अडकलेले असते, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती ठरू नये.

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा पूर्वपरीक्षेतील दुसरा पेपर, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेला ‘सीसॅट’, आज केवळ पात्रतेपुरता आहे. २०० पैकी ३३ टक्के, म्हणजे ६६ गुण मिळाले की झाले. वरवर पाहता ही अट सौम्य वाटते. परंतु ते ६६ गुण मिळाले नाहीत, तर पहिल्या पेपरातील गुण कितीही चांगले असोत, उमेदवार स्पर्धेबाहेर फेकला जातो. ८० प्रश्न, १२० मिनिटे. म्हणजे उतारा वाचण्याचा वेळ धरून एका प्रश्नाला अवघी दीड मिनिटे. यातील साधारण एक-तृतीयांश प्रश्न उताऱ्यांवर बेतलेले असतात. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या राज्यसेवा पूर्वपरीक्षेत तर याच पेपरात ८० पैकी सुमारे ५० प्रश्न उताऱ्यांवर असत आले आहेत. साहजिकच, उताऱ्यातून अनुमान काढणे ही आता भाषेच्या तासापुरती गोष्ट राहिलेली नाही. प्रशासनात कोण जाणार आणि कोण परतीची वाट धरणार, हे ठरवणारी ती एक चाळणी झाली आहे. म्हणूनच ही चाळणी नेमके काय गाळते आणि काय राखते, हे तपासणे अगत्याचे ठरते.

दीड दशकाचा वाद

यूपीएससीने २०११ मध्ये पूर्वपरीक्षेतील वैकल्पिक विषयाचा पेपर रद्द करून सीसॅट आणला. पाठांतरापेक्षा आकलन, तर्क आणि निर्णयक्षमता यांची कसोटी लागावी, हा त्यामागील हेतू होता आणि तो चुकीचा नव्हता. भावी अधिकाऱ्याला रोज अहवाल, अर्ज, टिपणे वाचावी लागतात. त्यांत काय म्हटले आहे, काय म्हटलेले नाही आणि काय गृहीत धरले आहे, हे त्याला ओळखता आलेच पाहिजे. मात्र मूळ इंग्रजीत तयार झालेले उतारे आणि त्यांचा बोजड हिंदी अनुवाद यामुळे भारतीय भाषांतून शिकलेल्या उमेदवारांवर अन्याय होतो, ही तक्रार लवकरच पुढे आली. २०१४ च्या उन्हाळ्यात दिल्लीत त्याचे रूपांतर मोठ्या आंदोलनात झाले. त्या वर्षी ऑगस्टमध्ये सरकारने इंग्रजी आकलनाच्या प्रश्नांचे गुण गुणवत्तेसाठी न धरण्याची घोषणा केली आणि मे २०१५ मध्ये हा संपूर्ण पेपरच पात्रतेपुरता करण्यात आला.

महाराष्ट्रात हेच चक्र काही वर्षांच्या अंतराने फिरले. एमपीएससीने २०१३ मध्ये राज्यसेवा पूर्वपरीक्षेत सीसॅट आणला. त्याचे गुण गुणवत्ता यादीसाठी धरले जात असल्याने अभियांत्रिकीच्या पदवीधरांना झुकते माप मिळते, असा आक्षेप कला शाखेच्या आणि ग्रामीण भागातील उमेदवारांकडून वर्षानुवर्षे घेतला गेला. अखेर २०२२ मध्ये आयोगाने केंद्राप्रमाणेच हा पेपर ३३ टक्क्यांच्या पात्रतेपुरता केला. त्यानंतर वाद शमेल अशी अपेक्षा होती. तसे झाले नाही. यूपीएससीच्या २०२३ च्या पूर्वपरीक्षेत सीसॅटची काठिण्यपातळी इतकी वाढल्याची तक्रार झाली, की काही उमेदवारांनी पात्रतेची टक्केवारी कमी करावी या मागणीसाठी थेट न्यायाधिकरणाचे दार ठोठावले.

या सर्व वादात चर्चा झाली ती प्रामुख्याने गुणांची, भाषेची आणि काठिण्यपातळीची. मुळात अनुमान कशाला म्हणायचे आणि ते बरोबर की चूक हे कोणत्या निकषावर ठरवायचे, हा प्रश्न मात्र बाजूलाच राहिला.

खरे असणे वेगळे, निघणे वेगळे

परीक्षेच्या सूचनांमध्ये एक वाक्य ठळकपणे दिलेले असते : उत्तरे केवळ उताऱ्यावर आधारित असावीत. बहुतेक चुका याच वाक्याकडे दुर्लक्ष झाल्याने होतात. नमुन्यादाखल पुढील उतारा पाहावा.

‘ठिबक सिंचनामुळे एका एकराला लागणारे पाणी कमी होते. मात्र ज्या भागातील शेतकऱ्यांनी वाचलेल्या पाण्यावर अधिक क्षेत्र ओलिताखाली आणले, तेथे भूजलाचा एकूण उपसा घटला नाही.’

यावर चार पर्याय असे देता येतील. एक : ठिबक सिंचन भूजल वाचवण्यास निरुपयोगी आहे. दोन : पाणी वापरण्याची कार्यक्षमता वाढली, म्हणजे पाण्याचा एकूण वापर घटेलच असे नाही. तीन : ओलिताखालील क्षेत्र वाढवण्यावर सरकारने निर्बंध घालावेत. चार : ठिबक संचासाठी शेतकऱ्यांना शासकीय अनुदान मिळते.

चौथे विधान वस्तुतः खरे आहे. पण उताऱ्यात अनुदानाचा उल्लेखच नाही. ते खरे आहे, तरी ते अनुमान नव्हे. तिसरे विधान ही शिफारस आहे. उतारा काय घडते ते सांगतो, काय करावे ते सांगत नाही. पहिले विधान उताऱ्याच्या दिशेने जाते, परंतु त्याच्या पुढे निघून जाते. ‘ज्या भागात’ ही मर्यादा त्याने पुसून टाकली. उरते दुसरे विधान. ते सर्वात मिळमिळीत वाटते आणि म्हणूनच घाईत असलेला उमेदवार त्याच्यावर हमखास फुली मारतो. प्रत्यक्षात उताऱ्याने जेवढे दिले तेवढेच ते घेते, जास्त काही मागत नाही.

परीक्षेतील बहुतेक चुकीचे पर्याय या तीनच साच्यांतून घडवलेले असतात : बाहेरचे सत्य, लेखकाने न केलेली शिफारस आणि मर्यादा ओलांडणारे सामान्यीकरण. शितावरून भाताची परीक्षा करणे स्वयंपाकघरात चालते, कारण एकाच भांड्यातील सर्व शिते सारख्याच आचेवर शिजलेली असतात. उताऱ्यातील एका गावावरून सबंध जिल्ह्याची परीक्षा करायची, तर तेथे भांडे एकच आहे याचा पुरावा उताऱ्यात असावा लागतो.

अनुमानाशेजारीच बसणारा दुसरा प्रश्नप्रकार म्हणजे ‘गृहीतक’. दोन्हींची गल्लत सर्रास होते. ‘वाहतूक कोंडी कमी व्हावी म्हणून शहरात मेट्रोची नवी मार्गिका सुरू करावी’ या विधानामागे एक न बोललेली गोष्ट आहे : आज खासगी वाहनाने जाणारे काही लोक तरी मेट्रोकडे वळतील. ही गोष्ट खोटी मानून पाहिली, की संपूर्ण युक्तिवाद कोसळतो. गृहीतक ओळखण्याची कसोटी हीच. अनुमान हे मजकुराच्या पुढे असते, गृहीतक मजकुराच्या पाठीशी. एक विधानातून निघते, दुसऱ्यावर विधान उभे असते.

जुनी विद्या, नवे नाव

‘लॉजिकल इन्फरन्स’ हा शब्दप्रयोग परीक्षेबरोबर आला, म्हणून ही विद्याच बाहेरून आली असा समज करून घेण्याचे कारण नाही. न्यायशास्त्राने प्रत्यक्षानंतर अनुमानाला स्वतंत्र प्रमाणाचा दर्जा दिला तो किती शतकांपूर्वी! डोंगरावर धूर दिसतो म्हणून तेथे अग्नी आहे, हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण. त्यातील खरी गोम धुरात नसून ‘व्याप्ती’त आहे. जेथे जेथे धूर, तेथे तेथे अग्नी, हा अव्यभिचारी संबंध ठाऊक असेल तरच अनुमान टिकते. याउलट, अग्नी आहे म्हणून धूर असलाच पाहिजे, असे म्हणता येत नाही. तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो, हा दाखला नैयायिकांनीच देऊन ठेवला आहे. आजच्या प्रश्नपत्रिकेतील कितीतरी फसवे पर्याय म्हणजे हाच उलटा केलेला संबंध होय. उतारा म्हणतो, ‘साक्षरता वाढलेल्या सर्व तालुक्यांत बालमृत्यू घटले’. पर्याय म्हणतो, ‘बालमृत्यू घटले आहेत तेथे साक्षरता वाढली असली पाहिजे’. वाचताना दोन्ही वाक्ये सारखीच वाटतात.

मीमांसकांची ‘अर्थापत्ती’ तर आजच्या प्रश्नांच्या अधिकच जवळची आहे. लठ्ठ देवदत्त दिवसा जेवत नाही, तर तो रात्री जेवत असला पाहिजे. दिलेल्या दोन गोष्टींचा मेळ बसण्यासाठी जी तिसरी गोष्ट मानावीच लागते, ती अर्थापत्ती. आणि जेथे असा मेळ नसतानाही ओढूनताणून नाते जोडले जाते, तेथे मराठीने ‘बादरायण संबंध’ हा शब्द केव्हाच तयार ठेवला आहे. सांगण्याचा मुद्दा असा, की विचाराची ही शिस्त मराठी वाचकाला परकी नाही. परके आहे ते परीक्षेत ज्या भाषेतून ती विचारली जाते ते.

‘च’, ‘ही’ आणि अनुवादाचा घोळ

अनुमानाच्या प्रश्नात संपूर्ण उत्तर अनेकदा एका लहानशा शब्दावर तोललेले असते. ‘समितीनेच अहवाल वाचला’, ‘समितीने अहवालच वाचला’ आणि ‘समितीने अहवालही वाचला’ ही तीन वाक्ये घ्या. पहिल्यावरून इतर कोणी तो वाचला नाही, असे निघते. दुसऱ्यावरून समितीने अन्य काही वाचले नाही, असे निघते. तिसऱ्यावरून तिने आणखीही काही वाचले, असे निघते. फरक एका अक्षराचा आणि त्या अक्षराच्या जागेचा. इंग्रजी वाक्याचा अनुवाद करताना हा ‘च’ चुकीच्या शब्दाला चिकटला, की प्रश्नाचे उत्तरच बदलते आणि अनुवादकाला त्याचा पत्ताही लागत नाही.

त्याहून अवघड उदाहरण नकाराचे. ‘सर्व विद्यार्थी उत्तीर्ण झाले नाहीत’ या मराठी वाक्याचे दोन अर्थ होतात : एकही उत्तीर्ण झाला नाही किंवा काही झाले, पण सगळे नाहीत. बोलताना आवाजाच्या चढउतारातून अर्थ कळतो. छापील प्रश्नपत्रिकेला आवाज नसतो. साध्या बातमीत हे चालून जाते; पण ज्या प्रश्नाचे सगळे मर्म ‘सर्व’ आणि ‘काही’ यांच्यातील फरकात आहे, तेथे अशा वाक्याने उमेदवाराची नव्हे, तर प्रश्नकर्त्याची परीक्षा होते.

यूपीएससीच्या पूर्वपरीक्षेची प्रश्नपत्रिका फक्त इंग्रजी आणि हिंदीत असते. मुख्य परीक्षा मराठीतून लिहिता येते, तरी तेथवर पोहोचण्यासाठी मराठी माध्यमाच्या उमेदवाराला अनुमानाची ही बारीक नक्षी दुसऱ्या किंवा तिसऱ्या भाषेत वाचावी लागते. शब्दार्थ कळणे आणि ‘कदाचित’, ‘बहुधा’, ‘अपरिहार्यपणे’ यांतील अंतर दीड मिनिटात जाणवणे, या दोन वेगळ्या पातळ्या आहेत. त्यामुळे अशा उमेदवाराचे उत्तर चुकते तेव्हा त्याचा तर्क चुकला, की भाषा आडवी आली, हे गुणपत्रिकेवरून कधीच कळत नाही.

दोन विधानांचा सापळा

यूपीएससीच्या उताऱ्यांत एक रचना वारंवार आढळते. दोन विधाने देऊन ‘केवळ १’, ‘केवळ २’, ‘१ आणि २ दोन्ही’ व ‘१ किंवा २ यांपैकी एकही नाही’ असे पर्याय ठेवले जातात. दिसायला हा किरकोळ बदल. पण त्याने प्रश्नाचे स्वरूपच पालटते. चार अनुमानांतून ‘सर्वाधिक तर्कसंगत’ निवडायचे असते, तेव्हा काम तुलनेचे असते. एखादे विधान शंभर टक्के पक्के नसले, तरी इतर तिघांहून बरे असले की पुरते. दोन विधानांच्या रचनेत मात्र तुलना करायला कोणी नसते. प्रत्येक विधानाला स्वतंत्रपणे ‘होय’ किंवा ‘नाही’ म्हणायचे असते आणि ‘होय’ म्हणण्यासाठी खात्री किती हवी, हे प्रश्नपत्रिका सांगत नाही.

समजा, उतारा असा आहे : ‘जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात पावसाने ओढ दिल्याने तालुक्यातील अनेक शेतकऱ्यांवर दुबार पेरणीची वेळ आली.’ पहिले विधान : या शेतकऱ्यांनी आधी एकदा पेरणी केली होती. दुसरे विधान : या शेतकऱ्यांचा उत्पादन खर्च वाढला. पहिल्याबद्दल वाद संभवत नाही. ‘दुबार’ या शब्दातच ते आहे. दुसऱ्याचे काय? व्यवहार जाणणारा कोणीही म्हणेल, बियाणे दुसऱ्यांदा घ्यायचे म्हणजे खर्च वाढणारच. काटेकोर तर्कशास्त्र म्हणेल, बियाणे मोफत मिळाले असेल, घरचेही असेल. उताऱ्यात खर्चाबद्दल चकार शब्द नाही. दोन्ही भूमिका समजूतदार आहेत. एकीनुसार उत्तर ‘दोन्ही’, दुसरीनुसार ‘केवळ १’. प्रत्येक बरोबर उत्तराला अडीच गुण आणि चुकीला त्याच्या एक-तृतीयांश, म्हणजे सुमारे ०.८३ गुणांची कपात. ज्याने उतारा अधिक खोलात जाऊन वाचला तोच येथे अडखळण्याची शक्यता अधिक.

कौशल्य की माहिती?

अनुमान हे शुद्ध कौशल्य आहे, विषय कोणताही असो ते सारखेच चालते, असे या परीक्षांमागचे गृहीतक आहे. संशोधन तसे सांगत नाही. अमेरिकेत डोना रेख्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शाळकरी मुलांना बेसबॉलच्या सामन्यावरील मजकूर वाचायला दिला होता. वाचनात कच्ची, पण बेसबॉल जाणणारी मुले ही वाचनात पक्क्या, पण खेळाबद्दल अनभिज्ञ असलेल्या मुलांपेक्षा मजकूर समजण्यात सरस ठरली. आपल्याकडे क्रिकेटचे उदाहरण घेतले तरी हेच दिसेल. ‘शेवटच्या षटकात दहा धावा हव्या असताना कर्णधाराने क्षेत्ररक्षक सीमारेषेवर पाठवले’ यावरून काय निघते, हे क्रिकेट पाहणाऱ्याला शिकवावे लागत नाही. न पाहणाऱ्याला कितीही तर्कशास्त्र शिकवले तरी ते उमगत नाही.

म्हणजे ‘केवळ उताऱ्यावर आधारित’ ही अट पाळायची म्हटली, तरी उतारा समजण्यासाठीच बाहेरची माहिती लागते. हवामान बदल, जैवविविधता, चलनविषयक धोरण, संघराज्यव्यवस्था हे या उताऱ्यांचे नेहमीचे विषय. ज्या घरात इंग्रजी वृत्तपत्र येते, त्या घरातील उमेदवाराला यातील निम्मे वाक्प्रयोग आधीच परिचित असतात.

याची दुसरी बाजूही आहे. १९९० मध्ये स्टुअर्ट कॅट्झ आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतील ‘सॅट’ परीक्षेतील आकलनाचे प्रश्न विद्यार्थ्यांना उतारा न दाखवताच सोडवायला दिले. केवळ नशिबावर जितकी उत्तरे बरोबर यावीत, त्याहून लक्षणीय अधिक बरोबर आली. पर्यायांच्या शब्दरचनेतूनच उत्तराचा सुगावा लागत होता. भारतातील शिकवणी वर्गांनी हे गुपित केव्हाच हेरले आहे. ‘केवळ’, ‘नेहमी’, ‘सर्व’ असे टोकाचे शब्द असलेला पर्याय आधी खोडा; ‘असू शकते’ असा मवाळ पर्याय शिल्लक ठेवा, या आडाख्यांवर तेथे तासच्या तास घेतले जातात. हे आडाखे काही वेळा गुण मिळवून देतातही. परंतु त्यातून अनुमान शिकले जात नाही, शिकला जातो तो प्रश्नकर्त्याचा स्वभाव.

शाळेतच पडलेली दरी

हा सारा भार पदवीनंतरच्या परीक्षेवर येतो, कारण तोवर हे कधी गांभीर्याने शिकवलेलेच नसते. चौथीच्या मुलांसाठी घेतल्या जाणाऱ्या ‘पर्ल्स’ या आंतरराष्ट्रीय वाचन चाचणीत केवळ माहिती शोधण्यावर २० टक्के भर असतो. सरळ अनुमानावर ३० टक्के, अर्थनिर्णयन व सांधेजोडीवर ३० टक्के आणि मूल्यमापनावर २० टक्के. म्हणजे दहा वर्षांच्या मुलाकडूनही ‘उताऱ्यात काय लिहिले आहे’ याच्या पलीकडे जाण्याची अपेक्षा असते. भारत या चाचणीत उतरलेला नाही. ‘पिसा’ या पंधरा वर्षांच्या मुलांसाठीच्या चाचणीत तमिळनाडू आणि हिमाचल प्रदेश ही दोन राज्ये एकदा उतरली. डिसेंबर २०११ मध्ये निकाल लागला, तेव्हा ७४ सहभागींच्या यादीत वाचनात त्यांच्या मागे फक्त किर्गिझस्तान होता. चाचणीतील प्रश्न भारतीय मुलांच्या परिचयाचे नव्हते, असा आक्षेप घेण्यात आला. त्यात तथ्य असेलही; पण पुढील फेऱ्यांपासून दूर राहिल्याने आपले वाचन कोठे कमी पडते, हे समजून घेण्याची संधीही हुकली.

देशांतर्गत चित्र वेगळे नाही. ‘असर’च्या २०२४ च्या अहवालानुसार ग्रामीण भारतात पाचवीतील ४८.८ टक्के मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येत होता. २०२२ मध्ये हे प्रमाण ४२.८ टक्के होते, म्हणजे सुधारणा झाली हे खरे. मात्र येथे ‘वाचता येणे’ म्हणजे मोठ्याने, अडखळल्याशिवाय वाचणे. अर्थ लावणे ही त्यानंतरची पायरी.

महाराष्ट्राने ही पायरी ओळखली नाही, असे नाही. राज्य मंडळाच्या दहावीच्या भाषा विषयांत मार्च २०१९ च्या परीक्षेपासून प्रश्नपत्रिकेऐवजी कृतिपत्रिका आली. अपठित उतारा आणि ‘स्वमत’ यांना जागा मिळाली. हेतू स्तुत्यच. मात्र कृतिपत्रिकेतील आकलनाच्या कृती पाहिल्या, तर चौकटी पूर्ण करा, आकृतिबंध भरा, एका शब्दात उत्तर लिहा, असा मोठा भाग उताऱ्यातील शब्द उचलून ठेवण्याचाच आहे. ‘स्वमत’ हा त्याच्या अगदी दुसऱ्या टोकाचा प्रश्न : उताऱ्याला धरून तुम्हाला काय वाटते? या दोन टोकांच्या मध्ये जो प्रश्न यायला हवा तो असा : ‘लेखकाने हे म्हटलेले नाही, पण त्याने जे म्हटले त्यावरून हे मानावे लागते का? कशावरून?’ तो प्रश्न वर्गात क्वचितच विचारला जातो. जेथे विचारला जातो, तेथेही बाजारातील मार्गदर्शके त्याचे तयार उत्तर पुरवतात. ज्याचे उत्तर पाठ करता येते, ते अनुमान उरत नाही.

उत्तरतालिकेची अडचण

खरा पेच पुढेच आहे. अनुमानाच्या प्रश्नाचे आयोगाने ठरवलेले उत्तर उमेदवाराला पटले नाही, तर त्याने दाद कशी मागायची? एमपीएससी पहिली उत्तरतालिका प्रसिद्ध करून हरकती मागवते. यूपीएससी अनेक वर्षे संपूर्ण निवड प्रक्रिया संपल्यावरच उत्तरतालिका जाहीर करीत आली. २०२५ मध्ये मात्र तिने सर्वोच्च न्यायालयात पूर्वपरीक्षेनंतर तात्पुरती उत्तरतालिका देण्याची तयारी दर्शवली. प्रत्येक हरकतीला तीन अधिकृत संदर्भांचा आधार असावा, असेही तेथे सांगण्यात आले. भूगोल किंवा अर्थशास्त्राच्या प्रश्नासाठी ही अट रास्तच आहे. पण उताऱ्यावरील अनुमानासाठी संदर्भ कोणता जोडायचा? तेथे एकमेव अधिकृत संदर्भ म्हणजे तो उताराच. हरकत घेणाऱ्याकडे ग्रंथ नसतो, असतो फक्त युक्तिवाद.

आणि युक्तिवादाला न्यायालयाचे दार जवळपास बंद आहे. कानपूर विद्यापीठाच्या १९८३ मधील प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने घालून दिलेली आणि डिसेंबर २०१७ मध्ये रणविजय सिंह प्रकरणात बळकट झालेली कसोटी अशी, की उत्तरतालिका बरोबरच मानली जावी. चूक असेल तर ती तर्काची लांबण लावून नव्हे, तर उघडपणे सिद्ध व्हावी आणि शंका उरल्यास तिचा लाभ परीक्षा घेणाऱ्या संस्थेला मिळावा. न्यायालये प्रत्येक प्रश्नाचे फेरपरीक्षण करू लागली तर कोणतीच भरती पूर्ण होणार नाही, हे या भूमिकेमागचे कारण समजण्यासारखे आहे. तथापि, परिणाम विलक्षण होतो. प्रश्न तर्काने सोडवायचा. पण त्याचे उत्तर चूक आहे हे मात्र तर्काशिवाय सिद्ध करायचे!

काय करता येईल?

या प्रश्नप्रकाराला परीक्षेतून हद्दपार करणे हा उपाय नव्हे. किंबहुना, बनावट संदेश आणि अर्धवट बातम्यांच्या काळात, मजकुरातून काय निघते आणि काय निघत नाही हे ओळखणारा अधिकारी पूर्वीपेक्षा अधिक गरजेचा आहे. प्रश्न आहे तो कसोटी न्याय्य करण्याचा.

पहिली गोष्ट, उताऱ्यावरील प्रश्नांच्या उत्तरतालिकेसोबत दोन-तीन ओळींची कारणमीमांसा दिली जावी. हा पर्याय का बरोबर आणि त्याच्या सर्वात जवळचा पर्याय का चूक, हे आयोगाला लिहिता येत नसेल, तर तो प्रश्न विचारण्याच्या लायकीचा नव्हता, असे समजावे. दुसरी, खात्रीची पातळी प्रश्नातच स्पष्ट असावी. ‘अपरिहार्यपणे निघते’ आणि ‘बहुधा खरे आहे’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. ते वेगळेच विचारले जावेत. तिसरी, निकालापूर्वी उत्तरांचे सांख्यिकी परीक्षण व्हावे. एकूण गुणांत वरचढ असलेले उमेदवारच एखाद्या प्रश्नात दोन पर्यायांत निम्मे-निम्मे विभागले गेले असतील, तर दोष उमेदवारांत नसून प्रश्नात असण्याची शक्यता मोठी. चौथी, राज्य आयोगाने तरी मूळ मराठीत लिहिलेले उतारे अधिक प्रमाणात वापरावेत आणि अनुवादित उतारे, इंग्रजी मूळ न पाहिलेल्या व्यक्तीकडून एकदा सोडवून घ्यावेत.

उमेदवारांसाठी तूर्त तीन साधे प्रश्न कामाचे आहेत. हे विधान उताऱ्यातील कोणत्या शब्दावर उभे आहे? ते खोटे मानले तर उताऱ्याशी विसंगती निर्माण होते का? आणि ते मान्य करताना आपण स्वतःच्या पदरचे काही घालत आहोत का? या तीन प्रश्नांनी सगळे उतारे सुटणार नाहीत. पण काखेतला कळसा सोडून गावाला वळसा घालणे बरेच कमी होईल.

उरतो शाळेचा प्रश्न आणि तोच सर्वात लांब पल्ल्याचा आहे. चौथी-पाचवीच्या वर्गात, धडा वाचून झाल्यावर ‘कशावरून?’ हा एक शब्द रोज विचारला गेला, तर पंधरा वर्षांनी सीसॅटच्या पेपरात त्याची धडकी भरणार नाही. त्यासाठी नवा अभ्यासक्रम लागत नाही, की महागडी शिकवणी लागत नाही. लागते ती एवढीच तयारी, की मुलाने दिलेले उत्तर पुस्तकात शब्दशः नसले तरी शिक्षकाने ते ऐकून घ्यावे आणि त्याच्या कारणाला गुण द्यावेत. उत्तराला गुण देण्याची सवय झालेल्या व्यवस्थेला कारणाला गुण देणे जड जाते, हे खरे. पण लोकसेवा आयोगांपासून गावच्या शाळेपर्यंत सर्वांना आज नेमका हाच एक धडा गिरवायचा आहे.